तपासनिसाची तपासणी

विषय : अंधशाळेचे सॉफ्टवेअर नामंजूर झाल्याबाबत.

उपरोक्त विषयी नमूद करण्यात येते की, आमच्या कार्यालयातील प्रोग्रामर वैदेही टिपरे हिने अंध मुलांना पुस्तके वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर तयार केले. ते सोमवारी शाळेत पोचायचे होते. चुका शोधणाऱ्या तपासणीच्या सॉफ्टवेअरने मात्र इशारा दिला : ‘पडद्यावरचे चित्र नाही.’

“साहेब, चित्र बघणार कोण?” वैदेहीने विचारले.

“इशारा म्हणजे इशारा,” संचालक घारपुरेसाहेब गरजले. “ज्यावर एकही इशारा येईल ते बाद. मग कुणाचेही असो!”

“कुणाचेही?”

“अहो, माझे असले तरी!”

वैदेहीने तपासणीच्या सॉफ्टवेअरला स्वतःचीच तपासणी करायला लावली. चुका ओळखता याव्यात म्हणून त्याच्या पोटात प्रत्येक प्रकारच्या चुकीचा नमुना ठेवलेला होता. चारशे बारा इशारे आले.

“आधी हेच बाद करू का, साहेब?”

तीस वर्षांच्या नोकरीत साहेबांना स्वतःचा नियम मागे घेताना मी प्रथमच पाहिले आणि नकळत उभा राहिलो. साहेबांनी ‘इशाऱ्याची खातरजमा माणसाने करावी’ असा शेरा मारून वैदेहीचे सॉफ्टवेअर मंजूर केले. सोमवारी शाळेत पहिले पुस्तक वाचले गेले.

तपासणीच्या सॉफ्टवेअरला तपासणीतून सूट मिळावी, हा साहेबांचा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.