ढालबाईची ठेव

डोंगरांनाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर कान देऊन ऐकावी, कारण यातली चूक मोठ्यांचीच आहे.

एका डोंगरउतारावरचं गाव पावट्यावर जगत होतं. गावभरच्या शेंगा खाऊन संपल्या, तरी एका घरचा वेल कुणी तोडत नसे. ते बियाण्याचं घर. तिथे येसू आणि तिचा नवरा राहायचे. पेरणी आली की सारं गाव सूप घेऊन तिच्या दारी यायचं. "माझ्याकडची ठेव कधी हरवत नाही," असं येसू म्हणायची. बढाई होती, पण खरी होती.

एका वर्षी तिच्या वेलावर मावा पडला. कोवळ्या शेंड्यांना बारीक हिरवे किडे चिकटले आणि रस पिऊ लागले. पानं मुरडली. येसूच्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात ढालकिड्याची एक मादी उडत आली. पाठीवर इवलीशी लाल ढाल, ढालीवर काळे ठिपके. येसूने कौतुकाने तिला ढालबाई म्हटलं.

"येसूबाई, माझी लेकरं तुझ्याकडे ठेवून जाते," ढालबाई म्हणाली. "इथं त्यांच्या पोटाची सोय आहे. सांभाळशील ना?"

"डोळ्यांत तेल घालून सांभाळेन."

पानाच्या पाठीमागे पिवळ्या अंड्यांचा झुपका चिकटवून ढालबाई उडून गेली.

येसूने अगदी मनापासून राखण केली. ऊन चढलं की पानावर सावली धरायची, मुंग्या आल्या की हाकलायची. आता लाल लाल पिल्लं निघतील, असं शेजारणींना सांगत सुटायची. तिने ती मनातल्या मनात पाहूनही ठेवली होती.

एके सकाळी तिने पान उलटलं, तर अंडी नव्हती. फुटकी टरफलं होती, आणि ती कुरतडत बसलेल्या काळ्या, काटेरी अळ्या.

"अगं बाई गं! खाल्ली मेल्यांनी माझी ठेव!"

अळ्या वेलभर पांगल्या. येसू रोज त्यांना शोधून वेचायची आणि चुलीतल्या निखाऱ्यांवर टाकायची.

नवरा म्हणाला, "जरा दमानं घे की. ह्यो शेंडा बघ, मावा कमी झालाय."

"मावा गेला खड्ड्यात! मी तिला तोंड कसं दाखवू?"

येसू वेचताना रडत होती. ज्यांच्यासाठी रडत होती, त्यांनाच जाळत होती. एकही अळी तिने सोडली नाही.

काही दिवसांनी ढालबाई आली. "माझी लेकरं कुठंयत, येसूबाई?"

"चोरांनी खाल्ली गं. काळ्या, काटेरी चोरांनी. पण मी एकेकाला जाळलं."

ढालबाई त्या रिकाम्या पानावर जाऊन बसली. मग म्हणाली, "तीच माझी लेकरं होती. आमची अंड्यातून अशीच निघतात. आधी स्वतःचं टरफल खातात, मग मावा खातात. कात टाकत टाकत वाढतात. पोट भरलं की पानाला चिकटून कोषात पडून राहतात. लाल ढाल मिळते ती त्यानंतर. मीही लहानपणी काळीच होते."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?" येसूने हंबरडा फोडला.

"लेकरू कसं दिसतं हे एखाद्या बाईला सांगावं लागेल, असं वाटलंच नाही मला."

एवढं बोलून ती उडून गेली, आणि त्या उतारावर पुन्हा कधी आली नाही.

मावा मात्र परतला. आता त्याला खाणारं कुणी उरलं नव्हतं. फुलं गळाली, शेंगा पोचट निघाल्या. पेरणीला गाव दारी आलं, तेव्हा येसूने बियाण्याची रिकामी कणगी उघडून दाखवली.

"चोरी झाली का गं, पोरी?" एका म्हातारीने विचारलं.

"नाही," येसू म्हणाली. "चोर समजून मी राखणदारच मारले."

त्या वर्षी उतारावर पावटा उगवला नाही, पुढच्याही वर्षी नाही. माणसं बोचकी बांधून एकेक करून निघून गेली. सर्वांत शेवटी येसूच्या घराचं दार लागलं.

गोष्टीचं सार एवढंच: ओळख पटल्याशिवाय कुणावर हात उगारू नये.