उन्हाची तहान

भांडी आणि झाडं एकमेकांशी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. मथुराकाकूंच्या गॅलरीत कुंडीतली तुळस होती. काकू रोज आंघोळ झाली की तिला तांब्याभर पाणी घालत आणि हात जोडत.

पौषात थंडी वाढली आणि गॅलरीतलं ऊन पलीकडच्या कोपऱ्यात सरकलं. सावलीत तुळस गारठली. माती सुकेना, पानं पिवळी पडू लागली. काकूंना वाटलं, पाणी कमी पडतंय. त्या दोन तांबे घालू लागल्या.

"आज नको रे," तुळस दमून तांब्याला म्हणाली. "मुळं कुजायला लागलीत माझी. मला तहान आहे ती उन्हाची."

"कळतंय गं," तांब्या म्हणाला, "पण ओतणारा हात माझा नाही."

तरी दुसऱ्या दिवशी तो काकूंच्या ओल्या हातातून मुद्दाम निसटला आणि फरशीवर आपटून बुडाशी चिरला. काकूंनी हळहळत त्याला डाग द्यायला पाठवलं. दुसऱ्या भांड्यानं तुळशीला पाणी घालणं त्यांना पटेना. तेवढ्या दिवसांत माती कोरडी झाली आणि तुळशीला एक इवलं हिरवं पान फुटलं.

तांब्या दुरुस्त होऊन परतला. काकूंनी ते पान पाहिलं आणि त्यांना भरून आलं.

"तांब्या घरी आला आणि तुळस हसली गं बाई!"

आनंदानं त्यांनी तीन तांबे घातले. मग अंगाभोवती शाल लपेटली, खुर्ची उचलली आणि पलीकडच्या कोपऱ्यात उन्हाला जाऊन बसल्या.