‘खाली’ नसलेली विहीर

“विहीर खणा, पण ‘खाली’ म्हणालात तर सगळे हद्दपार!”

सोनझरीच्या रणधीरराव महाराजांचा हा हुकूम ऐकून म्हाळसा चक्रावलीच. विहिरी खणणाऱ्या बारा माणसांची ती मुकादमीण. आता खाली न म्हणता विहीर खणायची कशी?

खरं खूळ इंग्रजीचं होतं. महाराजांनी मास्तर ठेवला होता. पहिल्या दिवशी त्यानं ‘अप’, ‘हाय’, ‘अबव्ह’ शिकवलं. महाराज खूश! दुसऱ्या दिवशी बिचारा ‘डाऊन’, ‘लो’, ‘अंडर’, ‘बिलो’वर आला आणि महाराज कडाडले, “राजाला असले शब्द? बंद करा! आणि त्यांचे मराठी भाऊबंदही बंद!”

झालं! ‘खाली’, ‘खोल’, ‘तळ’ सगळं बंद. दरबारी लगेच तयार झाले. वाड्याची भिंत कोसळली, तेव्हा शिपायानं वर्दी दिली, “भिंत आडवी उभी राहिली, सरकार!” दिवाणांनी मान डोलावली.

म्हाळसाला मात्र रोज दरबारात येऊन काम किती झालं ते सांगायचं होतं. तिची एक चूक, आणि बारा बिऱ्हाडं हद्दीबाहेर!

पहिल्या दिवशी महाराजांनी मिशीवर ताव देत विचारलं, “काय गं, काम कुठवर आलं?”

“महाराज, आपली जमीन माझ्या डोक्याच्या दोन हात वर गेली!”

“आमची जमीन वर? वा!”

चौथ्या दिवशी ती म्हणाली, “आज आभाळ आणखी चार हात उंच झालं, सरकार.”

दिवाणांना राहवेना. “पण बाई, पहार मारता कुठल्या दिशेला?”

“दगड असेल त्या दिशेला!”

“आणि माती?”

“ती वर येते, दिवाणजी. आपल्या राज्यात दुसरीकडे जायची तिची काय बिशाद!”

दरबार खुसखुसला.

सोळाव्या दिवशी झरा फुटला. महाराज डोळे मिचकावत म्हणाले, “पाणी लागलं म्हणे! कुठे आहे गं ते?”

बारा घरं तिच्या जिभेवर टांगलेली! तिनं पदर सावरला आणि हात जोडले.

“मी वाकून बघितलं तर पाण्यात मला एक बाई दिसली, सरकार. आपल्याला कोण दिसतं ते आपणच बघा.”

“म्हणजे काय?” महाराज तडक उठले. मागोमाग सारा दरबार विहिरीवर. महाराज काठावर हात टेकून आत डोकावले. संथ पाण्यात जरीचा फेटा चमकला, झुपकेदार मिशा हलल्या.

“अरे, हा तर मी!” महाराज ओरडले. “मी इतका डाऊन कसा? इतका खाली?”

दिवाणांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

म्हाळसा अदबीनं पुढे झाली. “महाराज, हद्दीपर्यंत पोचवायला बैलगाडी जोडू, की पालखी सांगू?”

महाराजांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग त्यांच्या मिशा थरथरल्या, पोट गदगदलं आणि ते असे खो खो हसले की पारव्यांचा थवा जवळच्या झाडावरून भुर्रकन उडाला.

“हरलो, बाई, हरलो! हुकूम रद्द!”

त्यांनी हातातलं सोन्याचं कडं म्हाळसाला दिलं आणि बारा घरांना विहिरीलगतची जमीन इनाम लिहून दिली.