कोरड्या भाकरीची पोटगी

धोंडशेट आणि येसूची काडीमोड तर झाली, पण पोटगीवर गाडं अडलं!

राजा चंडसेनाचा नियम सोपा होता. नवऱ्याच्या ताटात जे पडतं, तेच सोडलेल्या बायकोच्या ताटात पडायला हवं, आणि ते नवऱ्यानेच जन्मभर पुरवायचं. नियम चांगलाच, पण गुळाचे व्यापारी धोंडशेट त्याहून बिलंदर! फाटकं धोतर नेसून ते दरबारात आले आणि गळा काढून म्हणाले, "महाराज, दोन्ही वेळा कोरडी भाकरी न् ठेचा, एवढंच खातो हा गरीब. तेवढंच हिला देईन!"

दिसायलाही शेट काटकुळे. मेलं कितीही खाल्लं तरी अंगी लागत नसे!

येसूच्या अंगाचा तिळपापड झाला. बारा वर्षं तिनेच तर ते ताट वाढलं होतं.

"साफ खोटं, महाराज! हे रोज पंचपक्वान्नं झोडतात."

"तू तुझ्या सोयीचंच बोलणार," राजा म्हणाला. "पुरावा दे!"

"शेजाऱ्यांना विचारा."

"निम्मं गाव शेटचं मिंधं, निम्मं त्याच्यावर जळतं. साक्षीदार नकोत!"

"मग त्यांचं स्वयंपाकघर बघा."

"राजाने लोकांच्या शिंक्यात डोकावायचं? छे! इथंच, आत्ताच पुरावा दे. नाहीतर उद्यापासून भाकरी-ठेचा!"

राजा एकदा हट्टाला पेटला की ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकत नसे. शेट मिशीतल्या मिशीत हसले. येसूला तर रडूच फुटायचं बाकी होतं. उरलेला जन्म कोरड्या भाकरीवर काढायचा? तिने पदर खोचला आणि हात जोडले.

"बरं, महाराज. पण जेवणवेळ झालीय. शेट खातात तसली दोन ताटं मागवा. नशिबात काय आहे ते चाखू तरी द्या!"

ताटं आली. ठेचा लवंगी मिरचीचा, चांगला झणझणीत! राजा बघतोय म्हणून शेटनी ऐटीत मोठा घास घेतला. आई गं! कान लालबुंद झाले, डोळ्यांतून धारा लागल्या, नाक वाहू लागलं. तेवढ्यात येसू अगदी घरच्यासारखी, हळूच म्हणाली, "काय वाढू?"

"तूप वाढ की! रोज रोज सांगायला लागतं का?" शेट खेकसले.

दरबारात हशा पिकला.

"काय म्हणालात, शेट?" राजाने भुवया उंचावल्या.

"ते... सणासुदीला... चमचाभर..."

"राहू द्या, महाराज," येसू म्हणाली. "शेट गरीबच आहेत. फक्त त्यांच्या ताटासमोर एक शिपाई बसवा. मीही कोरडी भाकरी खाईन, तेही खातील. जन्मभर!"

"जन्मभर?" शेट किंचाळलेच. "नको, नको! सांगतो! वाटीभर साजूक तूप, आंबेमोहोराचा भात, सायीचं दही, शुक्रवारी पुरणपोळी..."

"आणि केशरी दूध," येसूने आठवण करून दिली.

"आणि केशरी दूध," शेट रडकुंडीला येऊन म्हणाले.

"हेच सगळं हिला पोहोचवा!" राजाने फर्मावलं. मग येसूकडे वळून म्हणाला, "काय गं, हे आधीच नीट का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की, महाराज! माझ्या तोंडचं तुम्हाला पटेना, म्हणून त्यांच्या तोंडून वदवलं."

राजा पोट धरधरून हसला. "शाब्बास! आमच्या गोठ्यातली दुभती म्हैस हिला बक्षीस द्या!"

शेटनी सुटकेचा निःश्वास सोडला. तोच राजा म्हणाला, "आणि शेट, वैरण तुमच्याकडून!"