आतली कडी

एकदा एका सराफांनी आपल्या पेढीवरच्या संगणकाची व्यवस्था एका तरुण शिष्यावर सोपवली. पेढी आणि घर एकाच छताखाली होते. संगणकात होती दिवाळीसाठी रेखाटलेल्या नव्या नथींची चित्रे. ती वेळेआधी फुटली असती, तर बाजारातल्या प्रत्येक काचेमागे तीच नथ झळकली असती आणि सराफांचा हंगाम हातचा गेला असता.

शिष्याने मन लावून काम केले. वायफायच्या राउटरला भक्कम पासवर्ड दिला, बाहेरून कुणी शिरू नये याची चोख तजवीज केली. पण मागच्या खोलीतल्या कारागिराच्या टॅबवर चित्रे काही उघडेनात. फायरवॉल, म्हणजे आत कुणाला येऊ द्यायचे हे ठरवणारा संगणकाचा स्वतःचा पहारा, आडवी येत होती. शिष्याने ती सरळ बंदच करून टाकली. दारात राउटर उभा असताना घरात आणखी पहारा कशाला, असा त्याचा सुटसुटीत विचार. कारागीर खूश, सराफ खूश, आणि शिष्य तर काय विचारता! मोठ्या अभिमानाने त्याने आपले काम पाहायला गुरुजींना बोलावले.

गुरुजी आले, पण संगणकाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. ते बैठकीत निवांत बसले, पाणी प्यायले आणि सराफांच्या पत्नीला म्हणाले, "वहिनी, जरा वायफायचा पासवर्ड सांगता का?" वहिनींनी तो तत्परतेने सांगितला. त्या घरात पाण्याच्या तांब्यापाठोपाठ पासवर्ड देण्याची रीतच पडून गेली होती. व्याही, भिशीच्या मैत्रिणी, पेढीवरची गिऱ्हाइके, कुणीही उपाशी राहिले नव्हते.

गुरुजी फोनमध्ये रमले. शिष्य मनातून खट्टू झाला. कामाचे कौतुक राहिले बाजूला, गुरुजी फोन कसला बघत बसले आहेत! चहा आला तशी गुरुजींनी मान वर केली.

"शेठ, ही मोराची नथ फार सुरेख आहे हो. खालचा मोती तेवढा किंचित जड वाटतो."

सराफांनी बशी खाली ठेवली. "गुरुजी, ही नथ मी अजून घरातसुद्धा दाखवलेली नाही. तुमच्या फोनवर कशी आली?"

त्यांनी शिष्याकडे पाहिले. शिष्याला तोंड कुठे लपवावे ते कळेना.

"राउटर तर नीट आहे, गुरुजी," तो कसाबसा म्हणाला.

"आहेच की. तो रस्त्यावरच्या परक्याला अडवतो, आणि ते काम तू उत्तम केलं आहेस," गुरुजी शांतपणे म्हणाले. "पण मी रस्त्यावरून आलो नाही, बाळा. मला वहिनींनी मानानं आत घेतलं, आणि आत संगणकावर पहाराच नव्हता. आत आलेला पाहुणा सज्जन असेल, पण त्याच्या फोनमध्ये कोणता आजार दडलाय हे त्याला तरी कुठे ठाऊक असतं? म्हणून संगणकानं आपली कडी आपण लावावी."

"मग पाहुण्यांना पासवर्ड देणं बंद करू का?" वहिनींनी काळजीने विचारले.

"छे! ज्या घरात आतल्या खोलीला कडी असते, त्याच घराला बाहेरचं दार मोकळ्या मनानं उघडता येतं."

शिष्य उठला. त्याने फायरवॉल सुरू केली आणि फक्त कारागिराच्या टॅबला वाट दिली. मग तो घुटमळला, आणि त्याने आणखी एक वाट उघडायला घेतली.

"ती कुणासाठी?" गुरुजींनी विचारले.

"तुमच्या फोनसाठी. तुमच्या तोंडावर दार कसं लावू, गुरुजी?"

"माझं इथे काय काम आहे?"

शिष्याने ती वाट पुसून टाकली. गुरुजींनी फोनवर पुन्हा ती चित्रे शोधली. बराच वेळ चक्र फिरत राहिले आणि शेवटी 'जोडता आले नाही' एवढीच ओळ उमटली. गुरुजींनी फोन सराफांपुढे धरला. एखाद्याने सत्काराची शाल दाखवावी, तितक्या कौतुकाने ते म्हणाले, "पाहिलंत शेठ? माझ्या शिष्यानं मलाही अडवलं. आता तुमची नथ खुशाल त्याच्यावर सोपवा."