न धुतलेली जीप

एकदा एक जीप आजारी पडली, आणि आजार काय हे कुणालाच सांगता येईना. तेवीस वर्षांची ती जीप घाटमाथ्यावरच्या एका वस्तीवर कोंडिबा चालवत असे. तिचं इंजिन रोज दोन तांबे पाणी प्यायचं आणि ते जायचं कुठे ते देवालाच ठाऊक. कोंडिबा सकाळी रेडिएटर काठोकाठ भरी. दुसऱ्या सकाळी झाकण काढावं तर पाणी बोटभर नव्हे, चांगलं वीतभर खाली गेलेलं!

एरवी ही गोष्ट त्यानं रेटून नेली असती. पण मंगळवारपासून दहावीची परीक्षा होती. वस्तीवरच्या सात मुली या जीपमधून घाट उतरून केंद्रावर जाणार होत्या. एस.टी. वस्तीवर यायची ती दहानंतर, आणि ती घाट उतरेपर्यंत पहिली घंटा होऊन गेलेली असणार. घाटात इंजिन तापून बंद पडलं, तर सात जणींचं वर्ष वाया! म्हणून शनिवारी सकाळी कोंडिबा जीप घेऊन खालच्या गावात अण्णांच्या गॅरेजात आला.

अण्णा हे त्या पंचक्रोशीतले वृद्ध मिस्त्री. अलीकडे त्यांच्या हाताला कंप होता, त्यामुळे पाना धरण्याचं काम त्यांचा शिष्य जालिंदर करी. जालिंदर तिशीतला, मेहनती, आणि उत्तर तत्काळ मिळालंच पाहिजे अशा स्वभावाचा. त्यानं तासभर इंजिन चालू ठेवलं, प्रत्येक नळी हातानं चाचपली, झाकण बदलून पाहिलं, खाली कागद पसरला. कागद कोरडा ठणठणीत. मग त्यानं हात पुसले आणि निर्णय दिला.

"कोंडिबादादा, पाणी बाहेर गळत नाही, म्हणजे आत जळतंय. इंजिनाच्या डोक्याखालचं हेड गॅस्केट गेलं. इंजिन खोलावं लागेल. दहा दिवस तरी धरा."

"दहा दिवस?" कोंडिबाचा चेहराच उतरला. "अरे बाबा, मंगळवारी पोरींचा मराठीचा पेपर आहे!"

जालिंदरला वाईट वाटलं, पण तो तरी काय करणार? सायलेन्सरमधून सकाळी पांढरा वाफारा निघतो, हे कोंडिबानंच सांगितलं होतं. आणखी काय पुरावा हवा? त्यानं इंजिन खोलायचे पाने एका फडक्यावर ओळीनं मांडायला घेतले.

तेव्हा स्टुलावर बसलेले अण्णा म्हणाले, "वाफारा थंडीत आपल्याही तोंडातून निघतो. आपलं डोकं कुणी खोलतं का?" मग कोंडिबाकडे वळून त्यांनी विचारलं, "सकाळी उठल्यावर तू या जीपचं पहिलं काय करतोस?"

कोंडिबाची छाती फुगली. "धुतो, अण्णा! पाचला उठून. आठ बादल्या. वरून, खालून, चाकं, खालची फरशीसुद्धा. मग पाणी भरतो, उदबत्ती लावतो, आणि मगच गाडी सुरू. तेवीस वर्षांत पारोशी गाडी रस्त्यावर काढलेली नाही."

"बरं," अण्णा म्हणाले. "आज जीप इथेच ठेव. उद्या सकाळी हिला पारोशीच राहू दे. थेंबभर पाणी मारायचं नाही."

कोंडिबाला ते झोंबलंच. गाडी बरी करायला आणली, आणि हे म्हणतात आंघोळ घालू नको! पण अण्णांचा शब्द मोडण्याची छाती त्याची नव्हती. त्यानंतर अण्णांनी जे केलं ते पाहून जालिंदरलाही नवल वाटलं. त्यांनी रेडिएटरमधलं साधं पाणी काढायला लावून हिरवं कूलंट भरवलं, आणि दोरीवर वाळत घातलेलं आपलं पांढरंशुभ्र धोतर काढून इंजिनाखाली अंथरलं. "आता उद्या पहाटेपर्यंत कुणी हात लावायचा नाही," एवढं बोलून ते जेवायला घरी गेले.

म्हातारपणी माणूस असा हट्टी होतो, असं जालिंदरच्या मनात आलं. हातात दोन दिवस, आणि त्यातला एक असा बसून घालवायचा! पाने मात्र त्यानं फडक्यावर तसेच राहू दिले.

रविवारी पहाटे तो आला तेव्हा हवेत बोचरा गारवा होता. अण्णा कानटोपी घालून जीपजवळ बसले होते. शेजारी कोंडिबा, रिकामी बादली पायांशी घेऊन, उपास घडल्यासारखा. "वाक," अण्णा म्हणाले.

जालिंदर बॅटरी घेऊन खाली वाकला. धोतरावर हिरवा डाग पडला होता, चांगला परातीएवढा, आणि खालची जमीनही ओली झाली होती. वर रेडिएटरच्या तळाशी रबरी नळी जिथे बसते, तिथल्या क्लिपेवर एक हिरवा थेंब लोंबत होता. पाहता पाहता तो पडला आणि दुसरा जमू लागला.

"आता गाडी सुरू कर."

इंजिन तापत गेलं तसे थेंब मंदावले आणि अर्ध्या तासात थांबले. नळी कोरडी, क्लिप कोरडी. शनिवारी पाहिली होती अगदी तशी. जालिंदर ओशाळला. "अण्णा, मी तर हिच्यावरून दोनदा हात फिरवला होता."

"फिरवला होतास, पण गाडी घाट उतरून आली होती. तापली की रबर फुगतं आणि फट बुजते. गारठली की आकसतं आणि गळायला लागते. आपल्याकडे गाडी येते ती नेहमी धावून आलेली. ती स्वस्थ उभी असताना तिचं काय होतं, ते आपण कधी बघतच नाही. तुला गळती दिसली नाही इथवर तुझं खरं होतं. दिसली नाही म्हणून आतच असणार, हे मात्र तू आपल्या पदरचं घातलंस."

कोंडिबा मघापासून धोतराकडे एकटक पाहत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे अण्णा, रोज पहाटे ही मला दाखवत होती, आणि मीच आठ बादल्या ओतून पुसून टाकत होतो?"

अण्णांनी थरथरता हात त्याच्या पाठीवर ठेवला. "प्रेमानंच पुसत होतास रे. त्यात पाप काय? फक्त उद्यापासून आधी वाकून बघ, मग बादली उचल."

नळीचं टोक कडक होऊन चिरलं होतं. जालिंदरनं नवी नळी बसवली, नवी क्लिप आवळली. काम पाऊण तासाचं. सोमवारी पहाटे, रात्री पुन्हा अंथरलेल्या धोतराच्या कोऱ्या भागावर एकही डाग नव्हता. मग त्यानं फडक्यावरचे पाने एकेक करून पेटीत ठेवले, आणि कोंडिबा जीप घेऊन वस्तीवर गेला.

शेवटच्या पेपरच्या दिवशी जीप गॅरेजासमोरून गेली. सातही मुली आत दाटीवाटीनं बसून मोठ्यानं सनावळ्या घोकत होत्या. बॉनेटवर मात्र आदल्या दिवशीची धूळ तशीच होती.

"काय हो दादा, आज पारोशी?" जालिंदरनं रस्त्यावरून हाक दिली.

"आधी वाकून बघितलं! कोरडं आहे!" कोंडिबा खिडकीतून ओरडला. "पोरींना लवकर पोचायचंय. आंघोळ दुपारी!"

अण्णा स्टुलावर बसून हसले. जालिंदरही हसला, आणि नुकत्याच आलेल्या एका ट्रॅक्टरला हात लावण्याआधी त्याच्या मालकाला म्हणाला, "हा आज इथेच राहू द्या. उद्या पहाटे बघू."

घरातलं एखादं माणूस दिवसेंदिवस थोडं थोडं गप्प होत चाललं असेल, तर त्याला हसवण्याची घाई करण्याआधी एक सकाळ त्याच्यापाशी नुसतं बसून बघावं.