वाजणाऱ्यांना ऊब

घाटमाथ्यावरचं ते दगडी चर्च दीडशे वर्षांचं. डिसेंबरात त्याच्या बाकावर बसणं म्हणजे बर्फाच्या लादीवर बसणं. मंडळींनी हीटर मागितले, तेव्हा जुन्या वास्तूंची देखरेख करणारे कारखानीससाहेब पातळ सुटाबुटात तपासणीला आले आणि एकच हीटर मंजूर करून मोकळे झाले. तोही कोपऱ्यातल्या जुन्या ऑर्गनसाठी!

“नियम म्हणजे नियम,” साहेब मान ताठ करून म्हणाले. “ऊब फक्त वाजणाऱ्या वस्तूंना. माणसांनी शाली घ्याव्यात.”

ऐंशीच्या मार्थाबाई पुढच्या बाकावरून उठल्या.

“मग साहेब, आमची नोंद करायची राहिली की! इथं प्रत्येकाला थंडी वाजतेय. माझे तर दात दोनच उरलेत, वरचा एक नि खालचा एक, पण सकाळपासून वाजतायत. ऑर्गन निदान कुणी वाजवला तरच वाजतो.”

बाकांवर खसखस पिकली. साहेबांनी डोळे वटारले, “नि-नि-नियम” म्हणायला तोंड उघडलं, आणि त्यांचेच दात कडकड वाजू लागले.

मार्थाबाई वेदीजवळ उभ्या असलेल्या चर्चच्या पाळकांकडे वळल्या. “पाळकसाहेब, यांना आधी ऑर्गनशेजारी बसवा. हेही वाजायला लागले.”